न वाचता पुसलेली गोष्ट

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये एक तरी असा गट असतो, जिथं रोज कुणी ना कुणी कुणावर तरी रुसलेलं असतं. अशा प्रत्येक गटाला एक राखणदारही असतो. त्याला पगार नसतो, सुट्टी नसते, शिव्या मात्र वेळच्या वेळी मिळतात. आमच्या ओ क्लेअर गावातल्या 'नदीकाठचं टेबल' या ऑनलाइन फोरमची राखणदार होती ब्रिटा सोलबर्ग.

त्या मंगळवारी सकाळी सव्वासातला ब्रिटाच्या एका हातात उकडलेल्या भोपळ्याचा चमचा होता आणि दुसऱ्या हातात फोन. समोर उंच खुर्चीत आठ महिन्यांचा सोरेन बसला होता. भोपळा खायचा नाही, कपाळाला लावायचा, असं त्याचं त्या दिवशी ठरलेलं होतं. फोन वाजला.

'ब्रिटा, माझं खातं का बंद झालं? काबाओ मुआ.'

ब्रिटानं अंगठ्यानं सरकवत पाहिलं. काबाओच्या चार पोस्टांवर कुणीतरी 'थांबवा'चं बटण दाबलं होतं. बटण एकदा दाबलं की पोस्ट आपोआप पुसली जाई. तीन पोस्टा पुसल्या गेल्या की खातं आपोआप बंद. आणि खातं बंद झालं की शनिवारच्या वसंत मेळाव्यातलं त्या माणसाचं टेबलही आपोआप रद्द. हे सगळं कुणाला न विचारता व्हावं, त्यासाठीच तर ते बटण होतं. तिनं तयार ठेवलेलं उत्तर पाठवून दिलं : 'फोरमच्या नियमानुसार कारवाई झाली आहे. कृपया सहकार्य करावे.'

लगेच उलट उत्तर आलं. 'कुठला नियम?'

तेवढ्यात सोरेननं वाटी उपडी केली. ब्रिटानं फोन पालथा घातला आणि फडकं शोधायला उठली.

हा फोरम कथाखेळ खेळणाऱ्यांचा. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगू लागतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी राज्य गेलेली राणी. काही अडलं की फासे टाकायचे आणि पडेल ते सोसायचं. हिवाळा पाच-पाच महिने हलत नाही अशा आमच्या भागात दर दोन घरांआड एका तळघरात हा खेळ रंगलेला असतो.

या टेबलांची एक चांगली रीत आहे. मधोमध फुली काढलेलं एक कार्ड ठेवतात. गोष्टीतला एखादा प्रसंग कुणाला झेपेनासा झाला, तर त्यानं त्या कार्डाला नुसतं बोट लावायचं. का, असं कुणी विचारायचं नाही. सूत्रधार तो प्रसंग तिथंच सोडून देतो आणि गोष्ट दुसऱ्या वाटेनं पुढं जाते.

ब्रिटानं हीच रीत उचलून फोरमवर बसवली होती, आणि त्याला कारणही तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी फोरमवरच्या एका लेखी खेळात एक गृहस्थ समुद्री चाचा झाला होता. त्या चाच्याच्या तोंडून तो टेस नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला रोज काहीबाही घाणेरडं लिहायचा. कुणी हटकलं की म्हणायचा, "मी कुठं बोललो? माझा चाचा बोलला!" ब्रिटा सगळं वाचत होती. पण ज्यानं त्यानं काय लिहावं हे आपण कोण सांगणार, असं म्हणून ती गप्प राहिली. एके दिवशी टेसनं फोरम सोडला, खेळही सोडला. त्यानंतर 'थांबवा'चं बटण आलं. कुणीही दाबावं, कारण विचारलं जाणार नाही, नाव सांगितलं जाणार नाही. सगळ्यांनी वाहवा केली. पुढं सोरेन झाला, वेळेची चणचण सुरू झाली, आणि ब्रिटाला ते बटण देवासारखं वाटू लागलं. चार हजार माणसांचं लिहिणं कोण वाचत बसणार?

ब्रिटा एका दंतवैद्याच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दार ढकलून काबाओच आत आली. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणारी, सव्वीस वर्षांची, अंगानं बारीक, आवाजानं नाही.

"दात दुखतोय?" ब्रिटानं उगाच विचारलं.

"दात शाबूत आहेत. बोलायला आलेय."

"काबाओ, नियम सगळ्यांना सारखा आहे गं. तुझ्यावर माझा काही राग नाही."

"रागावली असतीस तर बरं झालं असतं. निदान काहीतरी कळलं असतं. कुणाला काय टोचलं ते तरी सांग."

"आम्ही विचारत नाही. रीतच आहे ती."

"बरं, तू वाचलंस?"

ब्रिटानं समोरचे कागद सारखे केले. ते सारखेच होते.

"नाही वाचलंस," काबाओ म्हणाली. "सोळा महिने लिहीत होते मी ते. चार भाग. ऐक, ती गोष्ट माझ्या बाबांची आहे. देश खोटा, नावं खोटी, पण सैनिकांपासून पळत नदी ओलांडणारी माणसं त्यांची आहेत. ते लाओसमधून आले तेव्हा दहा वर्षांचे होते. मला एवढंच माहीत आहे, पुढं ते बोलत नाहीत. दोन वर्षं मागं लागलेय त्यांच्या, या एकदा, टेबलाशी बसा. म्हणायचे, 'मोठी माणसं फासे टाकून राक्षस मारतात, त्यात काय बघायचं!' गेल्या आठवड्यात भांडी विसळताना अचानक म्हणाले, 'बरं, येतो शनिवारी.' मी गाडीत जाऊन रडले, माहितीये? आणि आता टेबलच नाही."

"मी... मी काय करू? शुक्रवारी सकाळी टेबलांची यादी छापायला जाते."

"नाही म्हण. चालेल मला. पण वाचून नाही म्हण."

एवढं बोलून ती गेली. समोरच्या खुर्चीत बसलेले एक आजोबा गाल धरून ब्रिटाकडे बघत होते. त्यांनी मान हलवली. ती दातासाठी होती की काबाओसाठी, कोण जाणे.

संध्याकाळी पाचला ब्रिटा सोरेनला घ्यायला अर्डिसआत्यांकडे गेली. या तिच्या नवऱ्याच्या आत्या. वय शहात्तर, तीस वर्षं टायरच्या कारखान्यात काढलेली, आणि या गावात हा खेळ आणणाऱ्या पहिल्या सहा माणसांपैकी एक. सोरेन त्यांच्या मांडीवर बसून लाकडी पळी चघळत होता. ब्रिटानं सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाली, "सांगा आता, माझं काय चुकलं?"

"कॉफी घे आधी. तोंड बघ कसं झालंय, जसा काही सोरेनचा भोपळा तूच खाल्लायस."

"आत्या!"

"बरं, ऐक. फोरमबिरम काही नव्हतं तेव्हा आमची पत्रिका होती. पंचेचाळीस माणसं, कुणी इथली, कुणी पार ओरेगनची. जो तो आपली पानं छापून माझ्याकडे पाठवायचा. मी ती एकत्र लावायची, टाचायची आणि सगळ्यांना टपालानं धाडायची. लेनर्ड म्हणून एक होता. त्यानं एकदा लिहिलं, बायका टेबलावर आल्यापासून खेळ नासला."

"आणि तुम्ही ते टाचलंत?"

"टाचलं. आणि त्याच्या मागं माझं एक पान टाचलं, की लेनर्ड, तुझी पानं टाचणारी बाईच आहे, पुढच्या खेपेला पिन हाताला लागेल अशी लावीन. खाली माझं नाव, पत्ता. वर्षभर भांडलो आम्ही त्या पत्रिकेत. लोक आधी आमचं भांडण वाचायचे, मग बाकीचं."

"म्हणजे सगळंच छापायचं? काहीही?"

"असं मी म्हटलं का? एकानं एका बाईच्या घराचा पत्ता लिहून 'बघून घेऊ' असं लिहिलं होतं. ते पान मी परत पाठवलं. पण सोबत पत्र पाठवलं, कुठली ओळ चालणार नाही आणि का नाही ते. आणि पुढच्या अंकात सगळ्यांना कळवलं, की एक पान मी गाळलंय, माझ्या जबाबदारीवर."

ब्रिटानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पण कार्डाची रीत तर तुम्हालाही आवडते. तुम्हीच शिकवलीत मला."

"आवडते ना! पण तू ती नीट पाहिली नाहीस. टेबलावर कुणी कार्डाला हात लावला की काय थांबतं? प्रसंग थांबतो. सूत्रधाराला आपण उठवतो का? त्याची खुर्ची काढून घेतो का? आणि हात लावणारा तिथंच बसलेला असतो, सगळ्यांसमोर. त्याचा चेहरा दिसतो. खेळ संपला की कुणीतरी त्याला विचारतं, 'बरा आहेस ना रे?' तुझ्या बटणाला ना हात आहे, ना चेहरा. आणि त्यानं प्रसंग थांबत नाही, माणूसच उठवला जातो! पाच माणसांच्या टेबलाची रीत तू चार हजारांना लावलीस आणि वर झोपी गेलीस."

"झोपले? मी झोपते कधी?" ब्रिटाचा आवाज चढला. "आणि टेसचं काय? तेव्हा कुणी नव्हतं तिच्या बाजूनं! तेव्हा बटण असतं तर—"

"तेव्हा तू होतीस," अर्डिसआत्या शांतपणे म्हणाल्या. "तेव्हा तू वाचत होतीस आणि बोलली नाहीस. आता बोलतेस आणि वाचत नाहीस. काम एकच होतं बाळ, दोन्ही खेपेला तू तेच टाळलंस."

सोरेनच्या हातून पळी पडली. ती उचलायला दोघीही वाकल्या नाहीत.

बुधवारी सकाळी ब्रिटा दवाखान्याच्या वाहनतळावर अर्धा तास आधी येऊन थांबली आणि गाडीतच फोनवर काबाओचे चारही भाग वाचू लागली. पुसलेलं लिहिणं राखणदाराला दिसत असे. बघायचं मात्र तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

गोष्ट साधी होती. एका गावातली तीस माणसं रात्री नदीपाशी पोचलेली. बांबूच्या मोळ्या काखेत धरून पलीकडे जायचं. काठावर सैनिक. आणि त्या तिसांत एक तान्हं मूल. ते रडलं तर सगळे सापडणार. त्याला गप्प ठेवायला आईजवळ अफूची एक गोळी आहे. किती द्यायची, कुणालाच नक्की माहीत नाही. खेळणाऱ्यांनी ठरवायचं. पुढच्या तिन्ही भागांत ते मूल परत परत येत होतं. कधी जागं, कधी नुसतं पाठीवर बांधलेलं.

ब्रिटानं फोन मांडीवर ठेवला. मागच्या आसनावर सोरेनची रिकामी खुर्ची होती. त्याला आत्यांकडे सोडून अजून अर्धा तासही झाला नव्हता, पण तिला आत्ताच्या आत्ता परत जाऊन तो श्वास घेतोय ना ते बघावंसं वाटलं. कुणाला काय टोचलं असेल, ते तिला कळलं. हे पुसायला नको होतं, हेही त्याच क्षणी कळलं. एकाच वेळी दोन्ही खरं असू शकतं, हे तिच्या नियमात कुठं बसतच नव्हतं.

बटण कुणी दाबलं तेही राखणदाराला दिसे. चारही वेळा एकच नाव होतं, एल्डन ऑस्टबी. शाळेची बस चालवणारा, पन्नाशीचा, फोरमवर फारसा न बोलणारा माणूस. ब्रिटानं फोन केला. सकाळची फेरी संपवून तो बसमध्येच बसला होता.

"एल्डन, मी ब्रिटा. त्या चार पोस्टांबद्दल विचारायचं होतं. सांगायलाच हवं असं नाही."

एल्डननं बसचा हीटर बंद केला.

"आमची एक मुलगी होती," एल्डन म्हणाला. "अकरा आठवड्यांची. एकदा दुपारी झोपली, ती उठलीच नाही. वीस वर्षं झाली. त्या पोरीनं लिहिलंय छान, त्याबद्दल काही नाही. पण मी बेसावध होतो गं. सँडविच खाता खाता वाचत होतो. वर एक ओळ असती, की बाबा रे, पुढं तान्ह्या मुलाचं काही आहे, तर मी दुसऱ्या वेळी वाचलं असतं. किंवा नसतं वाचलं."

"म्हणून तुम्ही दाबलंत."

"मला वाटलं, बटण दाबलं की तिला निरोप जातो. पुढच्या भागातही ओळ नव्हती, पुन्हा दाबलं. चारदा दाबलं. आता कळलं असेल तिला, नाही?"

"एल्डन... तिची गोष्ट पुसली गेली. तिचं खातं बंद झालं. शनिवारचं टेबलही गेलं."

"काय?" बसमध्ये काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. "त्या पोरीला हाकललंत? माझ्या नावावर? मला विचारलं का कुणी! अगं, तिथं एकच तर बटण होतं!"

ब्रिटा म्हणाली, "चूक तुमची नाही. बटण मी केलं होतं."

गुरुवारी तिनं चारही भाग परत लावले, काबाओचं खातं उघडलं आणि फोरमवर स्वतःच्या नावानं एक पत्र लिहिलं. काबाओचं लेखन आपण न वाचता पुसू दिलं, ही चूक नियमाची नाही, नियम करणारीची आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं. यापुढं 'थांबवा' दाबलं तर ती पोस्ट दाबणाऱ्याच्या डोळ्यांआड होईल, सगळ्यांच्या नाही. दोन माणसं ती वाचतील. लिहिणाऱ्याला कारण कळेल, त्याला उत्तर देता येईल. खऱ्या माणसाला कुणी धमकावलं, छळलं, कुणाचा पत्ता चव्हाट्यावर मांडला, तर मात्र ते लगेच निघेल, मग बोलणारा चाचा असो की राजा. आणि काढणाऱ्याची सही त्याखाली असेल. शेवटी टेसचं नाव न घेता तिनं लिहिलं, की एकदा बोलायला हवं होतं तेव्हा मी गप्प बसले होते, ते मी विसरलेले नाही.

सगळे काही खूश झाले नाहीत. 'आता वाटेल ते चालणार म्हणा की!' असं एकानं लिहिलं. दुसऱ्यानं विचारलं, 'दोन माणसं वाचणार? कुठली दोन? पगार किती?' त्यावर अर्डिस पेटर्का या नावानं उत्तर आलं, 'एक मी. दुसरा तू. उद्यापासून ये.' तो शुक्रवारपासून खरंच वाचायला लागला.

एल्डननं आपणहून काबाओला लिहिलं होतं. तिनं चारही भागांच्या वर एक ओळ घातली : 'या गोष्टीत एक तान्हं मूल आहे आणि ते संकटात आहे.'

अडचण उरली टेबलाची. काबाओची जागा दुसऱ्या खेळाला देऊन झाली होती आणि यादीत एकही जागा मोकळी नव्हती. एक टेबल ब्रिटाचं स्वतःचं होतं. सोरेन झाल्यापासून ती खेळायला बसलीच नव्हती. या शनिवारसाठी तिनं सोरेनच्या दुपारच्या झोपांमधून वेळ चोरून महिनाभर तयारी केली होती, नकाशे रंगवले होते. गुरुवारी दुपारी तिनं यादीतलं आपलं नाव खोडलं आणि काबाओला फोन केला.

काबाओनं आभार मानले. मग म्हणाली, "मंगळवारीच मी बाबांना सांगून बसले, की रद्द झालं. ते म्हणाले, 'बरं.' आता पुन्हा विचारलं तर त्यांनी काय म्हणावं? दुसऱ्यांदा 'हो' म्हणणारे नाहीत ते."

"विचार तरी."

"विचारते. पण तू उगाच आस लावून बसू नकोस. मीही लावत नाही."

शनिवारी लुथरन चर्चच्या तळघरात वीस टेबलं लागली होती. एकीकडे कॉफीची टाकी, चीजचे तळलेले तुकडे, आणि काबाओच्या आईनं पाठवलेले एग रोल. ते पहिल्या दहा मिनिटांत संपले. सातव्या टेबलावर काबाओ, चार खेळणारे आणि एक रिकामी खुर्ची. ब्रिटा सोरेनला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. एल्डन दूरच्या टेबलावरून मान उंच करून बघत होता. एक वाजता काबाओनं गोष्ट सुरू केली.

एक वाजून वीस मिनिटांनी काबाओचे वडील, वा नेंग मुआ, आले. जाड कोट अंगातच. कुणाकडे न बघता त्यांनी खुर्ची ओढली, हात मांडीवर ठेवले आणि बसले. काबाओनं त्यांना एका म्हाताऱ्या नावाड्याचं काम दिलं. त्यांनी फासे हातात घेतले, वजन पाहिलं, खाली ठेवले. तासभर ते एक शब्द बोलले नाहीत. पाळी आली की मान हलवायचे. कुणी त्यांना घाई केली नाही.

गोष्ट नदीपाशी आली. काबाओ वाचू लागली, "तुम्ही पाण्यात पाय टाकता. पाणी बर्फासारखं आहे. हाडं गोठतात..."

"नाही," वा नेंग म्हणाले.

सगळे थांबले.

"पाणी गार नव्हतं. कोमट होतं."

काबाओनं कागदावरून मान वर केली. "बाबा, ही नदी माझ्या मनातली आहे."

"असेल. तू या गावात वाढलीस, तुला सगळ्या नद्या गारच वाटणार." टेबलावर कुणीतरी खुदकन हसलं. ते हसले नाहीत, पण त्यांनी कोटाची वरची दोन बटणं काढली. "कोमट होतं. आणि गढूळ. आम्हाला ते बरं वाटलं होतं. तीन आठवडे जंगलात होतो, अंगावर जळवांच्या जखमा. माझी आई म्हणाली होती, आंघोळ झाली बघ. भर पाण्यात, तेवढ्या भीतीत, ती हे म्हणाली होती."

काबाओनं पेन्सिल घेतली, 'बर्फासारखं' खोडलं आणि वर 'कोमट' लिहिलं. मग तिनं कागद तसाच त्यांच्याकडे सरकवला. "पुढं काय काय चुकलंय?"

वा नेंगनी चष्मा काढला, पुसला, घातला. "बरंच," ते म्हणाले, आणि सांगू लागले.

फासे तसेच पडून राहिले. शेजारच्या टेबलावरचे दोघं खुर्च्या वळवून बसले. ब्रिटाच्या खांद्यावर सोरेन झोपला होता. तिचा हात अवघडला होता, पण ती हलली नाही. आपण मंगळवारी काय पुसत होतो, ते ती ऐकत होती.

वाचकहो, बोलणाऱ्याला मोकळं सोडून अंग काढून घेणं सोपं असतं, आणि त्याचं बोलणं पुसून अंग काढून घेणं त्याहून सोपं. आपण घरात, कचेरीत, फोनमधल्या गटांत रोज यातलं एक काहीतरी करतो, आणि शांतता राखली म्हणून स्वतःची पाठ थोपटतो. बोलणं दुखवणारं असू शकतं, काही बोलणं काढूनही टाकावं लागतं. पण ते ऐकून, कारण सांगून, आपलं नाव खाली लिहून. काबाओनं नदीचं पाणी चुकीचं लिहिलं होतं. ती चूक सुधारू शकणारा या गावात एकच माणूस होता, आणि तो पंचेचाळीस वर्षं गप्प होता. तिनं चुकीचं का होईना, पण लिहिलं, आणि ते त्याच्यापर्यंत पोचू शकलं, म्हणून तो बोलला.